खोलीत नसलेला खेळाडू: एनबीएमधल्या पहिल्या पगाराची गोष्ट

(या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेले अडखळे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये उभे असाल, जिममध्ये असाल किंवा ऑफिसमध्ये मीटिंग म्यूट करून हे ऐकत असाल, तर आधी कानातला आवाज जरा वाढवा. आजचा विषय बास्केटबॉलचा आहे. पण बास्केटबॉल आवडत नाही म्हणून लगेच बंद करू नका. आज एकही मॅच सांगणार नाही. आज फक्त पगार. तोही पहिला पगार, आणि तो पगार कोण ठरवतं याची गोष्ट.

वरळी, ऑक्टोबर २०१९

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच, त्यामुळे त्यांच्यासाठी तो घरचा कार्यक्रम होता. किंग्ज दोन्ही सामने हरले, पहिला तर ओव्हरटाइममध्ये एका गुणाने.

मी तेव्हा दोन महिन्यांपूर्वीच पहिल्या नोकरीला लागलो होतो. रात्री पीजीच्या कॉटवर पडून फोनवर मॅच बघत होतो. किंग्जचा एक पोरगा डोळ्यांत भरला. डिअ‍ॅरन फॉक्स. वय २१, माझ्याहून लहान. वाऱ्यासारखा पळायचा, आणि संघाचा सगळा खेळ त्याच्या हातातून जायचा. सवयीप्रमाणे मी त्याचा पगार शोधला. त्या मोसमाचे सुमारे ६४ लाख डॉलर. आता आपल्या हिशेबाने हा आकडा डोळे फिरवणाराच आहे, त्याच्यासाठी कोणी रडायला बसायचं कारण नाही. पण त्याच संघातल्या हॅरिसन बार्न्सला त्या वर्षी २ कोटी ४० लाख डॉलर होते. जवळजवळ चौपट.

बार्न्स चांगला खेळाडू, चॅम्पियन संघातून आलेला. पण चौपट? मग कळलं की फॉक्सचा पगार फॉक्सने ठरवलाच नव्हता. तो एका तक्त्यात आधीच छापलेला होता. पाचव्या क्रमांकाने निवडला गेलास ना, मग ही तुझी ओळ, हा तुझा आकडा, कर सही.

मला हसू आलं. कारण माझंही तसंच झालं होतं. साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज, मागच्या बॅचला तेवढंच, त्यांच्या मागच्यांनाही तेवढंच. टॉपर असो की कसाबसा पास झालेला, आकडा एकच. वर दोन वर्षांचा बॉन्ड. तेव्हापासून डोक्यात प्रश्न बसला: हा तक्ता बनवला कोणी? आणि बनवताना त्या खोलीत कोण कोण होतं?

ड्राफ्ट म्हणजे उलटा कॅप राउंड

आधी पाया पक्का करू. इंजिनिअरिंगला आपल्याकडे कॅप राउंड असतो. ज्याचे मार्क जास्त तो आधी कॉलेज निवडतो, म्हणजे पहिला आलेला पोरगा सगळ्यात भारी कॉलेजात जातो. एनबीएचा ड्राफ्ट म्हणजे हेच, पण पूर्ण उलटं. इथे कॉलेज पोरांना निवडतं. आणि निवडीचा पहिला मान सहसा खालून पहिल्या असलेल्या संघांकडे जातो. वर्षातला सगळ्यात हुशार पोरगा सगळ्यात रडक्या कॉलेजात. त्याला आवडो न आवडो.

कारण सरळ आहे. सगळे हिरे एकाच संघाकडे गेले तर लीगमध्ये मजा उरणार नाही. म्हणून १९४७ पासून ड्राफ्ट चालू आहे. पण त्याचा दुसरा अर्थ मालकांना फार आवडणारा होता. एका संघाने तुमचं नाव घेतलं की बाकीच्या संघांनी तुमच्याशी बोलायचंसुद्धा नाही. ग्राहक एकच असेल तर मालाचा भाव कोण ठरवणार? आपल्या आयपीएलच्या लिलावाशी तुलना करा. २०२४ च्या लिलावात १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीची मूळ किंमत ३० लाख होती. दोन संघ भिडले आणि तो १ कोटी १० लाखांना गेला. ड्राफ्टमध्ये दुसरा बोली लावणाराच नसतो.

जुन्या काळी तर करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा राहायचा. एकदा बांधला की जन्माचा बांधला.

बोस्टनची ड्रेसिंग रूम

१९५४ मध्ये बॉब कुझी या बोस्टनच्या खेळाडूने संघटना काढली. दहा वर्षं मालकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग आला १४ जानेवारी १९६४. बोस्टनमध्ये ऑल-स्टार सामना. बाहेर बर्फाचं वादळ, आत राष्ट्रीय टीव्हीचे कॅमेरे लावून तयार. आणि खेळाडूंनी ड्रेसिंग रूमचं दार आतून लावून घेतलं. पेन्शन योजनेचा शब्द मिळाल्याशिवाय आम्ही बाहेर येत नाही.

आत कोण होतं बघा: बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर. लेकर्सच्या मालकाने बेलर आणि वेस्टला धमकीचा निरोप पाठवला. बेलरने तो उडवून लावला. अखेर लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला आणि सामना थोडा उशिरा सुरू झाला.

हे का सांगतोय? कारण त्या खोलीतल्या मोठ्या खेळाडूंना स्वतःला पेन्शनची तेवढी गरज नव्हती. ते लढले ते बाकावर बसणाऱ्यांसाठी आणि पुढे येणाऱ्यांसाठी. ही खोली लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

दुसरं दुकान उघडलं

१९६७ मध्ये एबीए नावाची दुसरी लीग सुरू झाली. लाल-पांढरा-निळा चेंडू, पैशांची चणचण, पण हिंमत दांडगी. आणि पहिल्यांदाच नव्या पोरांना दोन ग्राहक मिळाले.

१९६९ मध्ये लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, कॉलेजातून बाहेर पडला. त्याने दोन्ही लीगना सांगितलं, प्रत्येकाने एकच आकडा सांगायचा, घासाघीस नाही. मिलवॉकी बक्सने पाच वर्षांचे १४ लाख डॉलर सांगितले आणि तो तिकडे गेला. दुसऱ्या लीगने नंतर आकडा वाढवला, पण त्याने दिलेला शब्द मोडला नाही.

दुसरा माणूस स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीतल्या दहा भावंडांच्या घरातला, लहानपणी कापूस वेचलेला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. एनबीएचा नियम होता की शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय लीगमध्ये यायचं नाही. घरी आई शेतात राबतेय आणि पोराने चार वर्षं फुकट कॉलेजकडून खेळायचं. हेवूड आधी एबीएत गेला आणि १९७० मध्ये सिअ‍ॅटलने त्याला घेतलं. प्रकरण कोर्टात गेलं. काही मैदानांवर लाउडस्पीकरवरून घोषणा व्हायची की मैदानात एक बेकायदा खेळाडू आहे! मार्च १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेवूडला खेळू देणारा आदेश परत लागू केला आणि लीगला तडजोड करावी लागली. गरीब घरातल्या पोरांना लवकर कमावण्याची वाट त्याने उघडली.

तिसरा ऑस्कर रॉबर्टसन. संघटनेचा अध्यक्ष. दोन्ही लीग एकत्र आल्या की ग्राहक परत एकच उरणार, हे त्याने ओळखलं आणि १९७० मध्ये दावा ठोकला. तडजोड झाली १९७६ मध्ये. खेळाडूंना आयुष्यभर बांधून ठेवणारं कलम गेलं, मगच एबीएचे चार संघ एनबीएत आले. पण ऑस्कर १९७४ लाच निवृत्त झाला होता. झाड त्याने लावलं, आंबे दुसऱ्यांनी खाल्ले.

लिऑन वूडचा प्रश्न

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बरेच संघ तोट्यात होते. १९८३ मध्ये मालक आणि संघटना यांच्यात करार झाला: लीगच्या उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंना मिळेल, पण प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असेल. हीच सॅलरी कॅप. १९८४-८५ च्या पहिल्या मोसमात ती होती ३६ लाख डॉलर. संपूर्ण संघासाठी! आपल्याच जुन्या खेळाडूला ठेवायचं असेल तर कॅप ओलांडायची सूट होती. नव्या पोरासाठी तशी सूट नव्हती.

मग १९८४ चा ड्राफ्ट आला. जॉर्डन तिसरा, बार्कली पाचवा, आणि दहावा लिऑन वूड. जॉर्डनबरोबर त्याच उन्हाळ्यात ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला. त्याला घेतलं फिलाडेल्फियाने. पण फिलाडेल्फियाची कॅप आधीच भरलेली. नियमाप्रमाणे अशा संघाला पहिल्या फेरीतल्या खेळाडूला देता येत होते फक्त एका वर्षाचे ७५ हजार डॉलर. संघाने नंतर जागा करून देण्याची तयारी दाखवली होती, पण वूड कोर्टात गेला.

त्याचा मुद्दा नीट ऐका. तो म्हणाला, हा करार संघटनेने केला तेव्हा मी संघटनेत नव्हतो. मी कॉलेजात होतो. मला कुणी विचारलं नाही, मी मत दिलं नाही. मग तो मला कसा लागू?

१९८७ मध्ये अपील कोर्टाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. न्यायाधीश राल्फ विंटर यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: कुठल्याही कारखान्यात संघटनेने करार केलेला असतो आणि उद्या कामाला लागणारा माणूस त्याच कराराखाली येतो. जुन्यांना जास्त आणि नव्यांना कमी, हे सगळीकडे चालतं. बास्केटबॉलपटू आहे म्हणून वेगळा न्याय नाही.

कायद्याने हे बरोबर असेल. दर नव्या माणसाबरोबर करार नव्याने मांडायचा म्हटलं तर कुठलीच संघटना टिकणार नाही. पण वूडचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. दरम्यान संघाने जागा करून त्याला चार वर्षांचा, दहा लाख डॉलरच्या वरचा करार दिलाही. आणि खेळणं संपल्यावर हाच लिऑन वूड एनबीएत रेफरी झाला. ज्या नियमांशी भांडला त्याच लीगच्या नियमांची शिट्टी वाजवत पुढची कित्येक वर्षं पळाला. असं स्क्रिप्ट कोणी लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच फिल्मी आहे.

बिग डॉगचे दहा कोटी

कॅप दरवर्षी वाढत गेली, पण नव्या पोराला किती द्यायचे याला वरची हद्द नव्हती. एजंट हुशार झाले. पोरगा घरी बसवायचा, संघाला घाम फुटला की आकडा वाढवायचा. १९९३ मध्ये ख्रिस वेबरने गोल्डन स्टेटशी १५ वर्षांचा, ७ कोटी ४४ लाख डॉलरचा करार केला, आणि त्यात एक बारीक कलम टाकून घेतलं: एका वर्षानंतर मला बाहेर पडता येईल. कोचशी पटलं नाही, कलम वापरलं, गेला निघून.

आणि मग १९९४. मिलवॉकीने पहिल्या क्रमांकावर ग्लेन रॉबिन्सनला घेतलं. टोपणनाव ‘बिग डॉग’. त्याची मागणी: १३ वर्षं, १० कोटी डॉलर. संघाचे मालक हर्ब कोल यांनी १९८५ मध्ये अख्खा संघ घेतला होता १ कोटी ८० लाखांना! एकही सामना न खेळलेला पोरगा संघाच्या खरेदीच्या पाचपट मागत होता. कोल यांनी चेष्टेत म्हटलं होतं की मी त्याचा करार घेतो, त्याने माझा संघ घ्यावा. शेवटी मोसमाच्या तोंडावर १० वर्षं आणि ६ कोटी ८० लाखांवर तोडगा निघाला.

आता ड्रेसिंग रूममधल्या सीनिअरची नजर लावून बघा. दहा वर्षं गुडघे झिजवलेत, आणि शेजारच्या कपाटासमोर काल आलेलं पोरगं तुमच्या कितीतरी पट घेऊन बसलंय. स्कॉटी पिपेन आठवतो? लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी ती शिकागो बुल्सवरची डॉक्युमेंटरी बघितली. घरच्यांची जबाबदारी होती म्हणून त्याने १९९१ मध्ये लांबचा, कमी पैशांचा करार केला आणि सहा किताब जिंकूनही अडकून पडला. अशा माणसाला रुकीचे आकडे बघून काय वाटत असेल?

मालक चिडलेले आणि सीनिअरही चिडलेले. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होणार हे उघड होतं. आणि ज्यांच्याविरुद्ध एकमत होणार होतं ते कॉलेजच्या होस्टेलवर झोपले होते.

तक्ता आला, आणि त्यातला बग

१९९५ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली, लीगच्या इतिहासातली पहिली. जॉर्डन आणि पॅट्रिक युइंगसारख्या मोठ्या खेळाडूंना संघटनाच बरखास्त करून कोर्टात जायचं होतं. मतदान झालं. २२६ विरुद्ध १३४. संघटना टिकली, करार झाला. त्यात आला रुकी स्केल, म्हणजे तो तक्ता. पहिल्या फेरीतल्या प्रत्येक क्रमांकासमोर आकडा. मुदत तीन वर्षं. घासाघीस जवळजवळ संपली.

त्या वर्षीचा पहिला, जो स्मिथ: तीन वर्षांचे सुमारे ८५ लाख डॉलर. आदल्या वर्षीचा पहिला: ६ कोटी ८० लाख. मधे फक्त एक वर्ष.

पण मंडळी, आम्ही कोड लिहिणारे एक गोष्ट जाणतो. घाईत टाकलेला प्रत्येक पॅच नवा बग घेऊन येतो. मालकांनी मुदत तीनच वर्षं ठेवली आणि त्यानंतर पोरगा पूर्ण मोकळा. म्हणजे संघाने त्याला शिकवायचं, वाढवायचं, आणि ऐन बहरात तो दुसरीकडे. गोल्डन स्टेटने याच भीतीने जो स्मिथला तिसऱ्या वर्षीच दुसऱ्या संघाला देऊन टाकलं.

आणि मग केव्हिन गार्नेट. १९९५ चा पाचवा, थेट शाळेतून आलेला. तक्त्याप्रमाणे तीन वर्षांचे सुमारे ५६ लाख डॉलर. १९९७ मध्ये मिनेसोटाने त्याच्यापुढे १० कोटी ३५ लाख ठेवले. वय २१. तो नाही म्हणाला! कारण त्याला माहीत होतं की पुढच्या वर्षी आपण मोकळे होणार. संघाने शेवटी सहा वर्षांचे १२ कोटी ६० लाख दिले. मालकाने अख्खा संघ घेतला होता सुमारे पावणेनऊ कोटींना.

मालक हादरले. पुढच्याच वर्षी परत टाळेबंदी. १ जुलै १९९८ ते जानेवारी १९९९. मोसम ८२ वरून ५० सामन्यांवर आला. नव्या करारात बग बंद केला: तीन वर्षांनंतर चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे संघ ठरवणार, आणि त्यानंतरही दुसऱ्या संघाने बोली लावली तर तेवढेच पैसे देऊन जुन्या संघाला खेळाडू ठेवता येणार. शिवाय सगळ्यांच्याच पगाराला वरची हद्द आली, आणि तीही अनुभवाच्या वर्षांवर. १९९७-९८ मध्ये जॉर्डनला एकट्याला ३ कोटी ३० लाख मिळाले होते, तेव्हा अख्ख्या संघाची कॅप २ कोटी ६९ लाख होती! तसं परत होणार नव्हतं.

२००५ च्या करारात वयाची अट आली: १९ वर्षं पूर्ण आणि शाळा संपून एक वर्ष. हेवूडने उघडलेलं दार थोडं परत लोटलं गेलं. त्याच करारात पक्क्या वर्षांची संख्या दोनवर आली.

आज हे कसं चालतं

आता यंत्र उघडून बघू. पहिल्या फेरीत ३० जण निवडले जातात. तक्त्यातल्या आकड्याच्या ८० ते १२० टक्क्यांत करार करता येतो, आणि जवळजवळ सगळे १२० वरच सही करतात. पहिली दोन वर्षं पक्की. तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. तिसरा मोसम संपला की मुदतवाढीची बोलणी करता येतात. नाही जमलं तर चौथ्यानंतर ‘बांधील मोकळीक’, म्हणजे बोली कोणाचीही, पण पहिला हक्क जुन्या संघाचा. पूर्ण मोकळं व्हायचं असेल तर एक वर्ष कमी पैशांवर खेळून दाखवायचं, दुखापतीचा धोका स्वतःच्या डोक्यावर घेऊन.

म्हणजे हिशेब करा. १९ व्या वर्षी आलेला पोरगा खऱ्या अर्थाने स्वतःच्या मर्जीने संघ निवडेपर्यंत २३-२४ चा होतो. आणि अनेकांची कारकीर्द तर पाच वर्षंही टिकत नाही.

व्हिक्टर वेम्बान्यामा, २०२३ चा पहिला: चार वर्षांचे साधारण साडेपाच कोटी डॉलर. पहिल्या वर्षाचे १ कोटी २१ लाख. त्या वर्षीची कॅप होती १३ कोटी ६० लाख, आणि स्टीफन करीचा पगार ५ कोटी १९ लाख. आणि गंमत बघा, वेम्बान्यामाचा एकूण करार २९ वर्षांपूर्वीच्या बिग डॉगच्या ६ कोटी ८० लाखांपेक्षा आजही कमी आहे.

मग उरलेले पैसे मालकाच्या खिशात जातात का? नाही, आणि इथेच खरी मेख आहे. आजच्या करारात लीगच्या उत्पन्नातला साधारण अर्धा वाटा खेळाडूंचा ठरलेला आहे. एकूण रक्कम ठरलेली असेल, तर एकाला कमी दिलेला पैसा दुसऱ्या खेळाडूकडेच जातो. रुकीचा तक्ता म्हणजे नव्यांकडून जुन्यांकडे जाणारा पाट. त्या पाटाचं पाणी वरळीतल्या त्या रात्री बार्न्सच्या शेतात पडत होतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तक्त्यामुळे पहिल्या फेरीतल्या पोराला दोन वर्षांची हमी मिळते. गुडघा गेला तरी पैसे मिळतात. एजंटच्या नादाने घरी बसायची वेळ येत नाही. २०१७ च्या करारात तक्ता ४५ टक्क्यांनी वाढवून कॅपला जोडला, म्हणजे आता कॅप वाढली की नव्यांचा आकडाही वाढतो. आणि २०११ च्या करारापासून पहिल्या चार वर्षांत फारच भारी खेळलेल्याला मुदतवाढीत कॅपच्या २५ ऐवजी ३० टक्के मागता येतात. डेरिक रोज २२ व्या वर्षी एमव्हीपी झाला, त्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

फॉक्सचं काय झालं? २०२० मध्ये त्याने किंग्जशी पाच वर्षांचा, १६ कोटी ३० लाखांचा करार केला. पाटाचं पाणी त्याच्याकडे वळलं. आता त्याच्यासाठी कमी घेणारे दुसरे कोणीतरी आहेत.

तक्त्याच्या बाहेरचे

दुसऱ्या फेरीतल्यांना हा तक्ता नाही, म्हणजे हमीही नाही. २०१५ मध्ये पंजाबचा सतनाम सिंग भमरा ५२ व्या क्रमांकावर डॅलसने निवडला. भारतात जन्मलेला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू. आपण सगळ्यांनी बातम्या शेअर केल्या. पण एनबीएचा करार मिळाला नाही. तो खालच्या लीगमध्ये खेळला आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. ‘निवड झाली’ आणि ‘नोकरी लागली’ यात किती अंतर असतं, हे प्लेसमेंटचा मेल येऊन जॉइनिंगची तारीख न आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

उलट निकोला योकिच. २०१४ मध्ये ४१ वा. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती! २०१८ मध्ये डेन्व्हरने त्याला पाच वर्षांचे साधारण १४ कोटी ८० लाख दिले. तक्ता म्हणजे फक्त एक अंदाज, आणि अंदाज सपशेल चुकतात.

आणि एक आकडा. २०२४ मध्ये महिलांच्या लीगमध्ये केटलिन क्लार्क पहिल्या क्रमांकावर निवडली गेली. स्टेडियमं तिने भरून दाखवली. तक्त्याप्रमाणे तिचा पहिल्या वर्षाचा पगार: ७६ हजार ५३५ डॉलर. लिऑन वूडचे ७५ हजार आठवा. १९८४ चे!

परत त्या खोलीत

शेवट माझ्या गोष्टीने करतो.

बॉन्ड संपला, मी कंपनी बदलली, पगार वाढला, मी सीनिअर झालो. गेल्या वर्षी एका मीटिंगमध्ये बसलो होतो. नवीन फ्रेशर्सना किती द्यायचं हा विषय. एका साहेबांनी सांगितलं, बजेट एवढंच आहे. फ्रेशरचा आकडा वाढवला तर तुमच्या टीमची वाढ कमी होईल. ठरवा.

मी काय केलं असेल? दोन वर्षं बॉन्डला शिव्या घातलेला मी, लिऑन वूडची केस पाठ असलेला मी. लॅपटॉपकडे बघत गप्प बसलो. होम लोनचा हप्ता चालू झालाय हो. आकडा तोच राहिला. आणि मीटिंगमधून बाहेर पडताना कळलं की १९९५ च्या त्या सीनिअर खेळाडूंना मी आतापर्यंत उगाच खलनायक समजत होतो. ते खलनायक नव्हते, ते माझ्यासारखे होते.

पण मग बोस्टनची ड्रेसिंग रूम आठवते. १९६४ च्या खोलीतही पुढची पोरं नव्हती. १९९५ च्या खोलीतही नव्हती. नवखा माणूस त्या खोलीत कधीच नसतो, तो यायच्या आत करार झालेला असतो. फरक एवढाच की एका खोलीतल्यांनी त्याची आठवण ठेवली आणि दुसऱ्या खोलीतल्यांनी त्याच्याच ताटातून वाढून घेतलं.

तुमच्यातले बरेच जण आत्ता कॉलेजात असाल. तुमचा तक्ता कुठल्यातरी खोलीत ठरतोय, आणि तुम्हाला कोणी विचारणार नाही. त्याचा राग येऊ द्या, तो रास्त आहे. फक्त पाच-सहा वर्षांनी त्या खोलीत तुम्ही बसाल तेव्हा तो राग बरोबर घेऊन जा. मी विसरलो होतो. पुढची मीटिंग दोन महिन्यांनी आहे. बघू, तोंड उघडतं का.

तुमच्या पहिल्या पगाराची, बॉन्डची, तक्त्याची गोष्ट असेल तर व्हॉइस नोट करून पाठवा. कंपनीचं नाव नको, गोष्ट पुरे. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. तोवर काळजी घ्या, आणि ऑफर लेटरची शेवटची दोन पानं वाचल्याशिवाय सही करू नका. भेटूया!